सेलवरची चिकटपट्टी

गिरगावचे चिंतामणी सबनीस विमा कंपनीत छत्तीस वर्षं कारकून होते. उद्याचं काम आजच करून ठेवायचं, ही त्यांची जुनी खोड. पत्नी कालिंदीबाईंच्या कानातल्या मशीनला मसुराएवढे सेल लागत. प्रत्येक सेलवर एक चिकटपट्टी असे आणि ती नखाने सोलताना बाईंची धांदल उडे. म्हणून एका दुपारी चिंतामणींनी सहाही सेलांच्या पट्ट्या काढून ते सुपारीच्या डबीत मांडून ठेवले.

महिन्याच्या आत उरलेले सगळे सेल मेले.

ते डबी घेऊन दादरच्या कानाच्या मशीनच्या दुकानात गेले. जन्मात कुणावर आवाज न चढवलेला हा माणूस, पण त्या दिवशी चार गिऱ्हाइकांदेखत ओरडला, "बहिऱ्यांना शिळा माल खपवता? लाज नाही वाटत?" काउंटरवरची क्लेअर काही सांगू बघत होती. त्यांनी सांगू दिलं नाही. तिने मुकाट्याने नवं पाकीट दिलं.

घरी मुलीने, रुचाने, पाकिटामागचा मजकूर वाचला. "बाबा, पट्टी काढली की आत हवा जाते नि सेल चालू होतो. मग वापरा की ठेवून द्या, तो संपतोच. तुम्ही काढल्या होत्यात पट्ट्या?"

चिंतामणी गॅलरीत जाऊन उभे राहिले.

"तिथे उभं राहून काय होणार?" कालिंदीबाई म्हणाल्या. "जा, त्या पोरीला सांगून या."

तीन दिवस ते दुकानाच्या दारातून परतले. चौथ्या दिवशी दुकान रिकामं होईपर्यंत फुटपाथवर थांबले आणि मग आत शिरले.

"पट्ट्या मीच काढल्या होत्या," ते पुटपुटले.

"ठाऊक होतं, अंकल. डबीत सगळे उघडेच होते."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलू दिलंत कुठे?" क्लेअर हसली. मग तिचं हसू मावळलं. "माझं सोडा. माहीमच्या जर्ट्रूड आंटी त्या दिवशी पहिलं मशीन घ्यायला आल्या होत्या. तुमचं ऐकून उठून गेल्या. आता चर्चमध्ये सगळ्यांना सांगतात, तिथे फसवतात म्हणून."

चिंतामणींना तोंड कुठे लपवावं कळेना. "फोन लाव त्यांना," ते म्हणाले.

"कोण सबनीस?" त्यांनी नाव सांगताच पलीकडून आंटींचा आवाज आला. "ऐकू येत नाही. मोठ्याने बोला!"

इतक्यात दोन गिऱ्हाइकं आत आली. चिंतामणींनी त्यांच्याकडे पाहिलं, मान खाली घातली आणि ते त्या दिवशीच्याच आवाजात ओरडले, "चूक माझी होती! माल चांगला होता! मी खोटं बोललो!"

"काय?"

गिऱ्हाइकं वळून बघत होती. चिंतामणींनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.