सिग्नलला बंद पडणारी गाडी
गॅरेजवरून जाताना पेट्रोलचा वास आला आणि ती दुपार आठवली. सॉफ्टवेअरमध्ये नोकरी लागल्यावर मी एक जुनी गाडी घेतली होती. तिच्यातून खडकीहून आईला दवाखान्यात नेत होतो. आईला धाप लागली होती, मागे वडील तिला धरून बसले होते. वेग कमी केला की इंजिन बंद पडे. सिग्नलला पुन्हा बंद पडलं, तेव्हा आईचे ओठ निळसर झाले होते. वडील हळू आवाजात म्हणाले, "पाय काढलास की बंद पडतं ना? कार्बोरेटरमध्ये कचरा असेल. चोक थोडा ओढून ठेव, पेट्रोल जास्त जाईल, इंजिन चालू राहील." तसंच झालं. आईला वेळेवर ऑक्सिजन मिळाला, ती वाचली. नंतर व्हरांड्यात वडिलांना चहाचा कप धरता येईना. आज मी त्यांच्या तेव्हाच्या वयाचा आहे, आणि आवाज इतका शांत ठेवणं त्यांना किती जड गेलं असेल ते आता समजतं.