कार्डाला बांधलेलं मशीन

ऑफिसात तिला सगळे तोफ म्हणायचे. भांडल्याशिवाय बाईला घास उतरत नसे! चुकीच्या जागी केबल खोचणाऱ्या एका ठेकेदाराला तिने कॉलर धरून सर्व्हर रूमबाहेर काढलं होतं.

शहरात कुणावर संकट आलं की लोक ज्या नंबरला फोन करत, तो तिच्याच रूममधून चाले. एका दांडग्या सर्व्हरच्या पोटात बरीच आभासी मशीनं होती, म्हणजे संगणकातले संगणक; त्यातलं एक हे फोन सांभाळायचं. नेटवर्कवर जायला सगळ्यांना सॉफ्टवेअरचं एकच दार. तिथे गर्दी झाली की फोनवरचा माणूस तुटक तुटक ऐकू यायचा. "तुझी लाइन बोलते की खोकते गं, ताई?" टायरचं दुकान चालवणारा तिचा धाकटा भाऊ चिडवायचा.

तोफेनं साहेबांचं डोकं खाऊन नवं नेटवर्क कार्ड आणवलं. हे कार्ड स्वतःच स्वतःचे वाटे पाडायचं आणि प्रत्येक मशीनला त्याचा वाटा थेट द्यायचं. मधल्या दाराची कटकटच संपली. आवाज कसा खणखणीत झाला!

साहेब म्हणाले, "पण मशीन कार्डाला बांधलं गेलं की चालू असताना दुसऱ्या सर्व्हरवर हलवता येत नाही. शेजारी जुन्या दाराचा हळू रस्ताही जोडून ठेव. वेळ आली तर त्यावर घेऊन हलवू."

"हलवायचंय कुणाला? उगाच खोगीरभरती!" बाकीच्या मशीनांना तिने तो कुरकुरत जोडला. फोनच्या मशीनला नाहीच.

एका दुपारी बाजारात दंगल पेटली. तिने भावाला फोन लावला. "शटर ओढून आत बस. काही झालं तर आमच्या नंबरवर लाव."

"आता खोकत नाही ना तो?" तो हसला.

तेवढ्यात जमाव तिच्याच इमारतीत घुसला. रखवालदाराचं डोकं फोडून त्यांनी तळमजला पेटवला. जिन्यावर रक्त, वर धूर. सर्व्हर रूमच्या दारावर गज आदळू लागले. फुटक्या काचेतून एक हात कडीकडे आला, तशी तोफेनं आग विझवायचं नळकांडं त्यावर हाणलं. हाड मोडल्याचा आवाज आला. तिला जराही वाईट वाटलं नाही.

तिच्यामागे साहेब एकेक मशीन दुसऱ्या इमारतीतल्या सर्व्हरवर हलवत होते. सगळी गेली. फोनचं मशीन जागचं हलेना.

"बंद कर! तिकडे नव्यानं चालू करू!"

"लोक बोलतायत त्यावर, साहेब! माझा भाऊ लावेल!"

"हे जळलं तर अख्ख्या शहराची लाइन मेली. कर बंद!"

शिव्या देत, रडत तिने बंद केलं. तिकडे चालू व्हायला काही मिनिटं गेली. मागच्या जिन्यानं दोघं निसटले.

भाऊ भेटला तो दवाखान्यात. डावा पाय गुडघ्यापासून नव्हता.

"त्यांनी शटर तोडेपर्यंत तुमचा नंबर लावत होतो, ताई," तो म्हणाला. "लागलाच नाही."

"मीच बंद केली होती लाइन." मग तिने सगळं सांगितलं, साहेबांनी सांगूनही न जोडलेला रस्तासुद्धा.

त्याने उशाजवळचा स्टीलचा पेला तिच्या तोंडावर भिरकावला. भुवई फुटून रक्त डोळ्यात उतरलं. तोफेनं पेला उचलला, धुतला, आणि पाणी भरून पुन्हा त्याच्या हाताशी ठेवला.