सारवलेल्या अंगणाला कोबा समजले

गेल्या आठवड्यात घरपट्टीचं बिल आलं. पावसाचं पाणी वाहून नेण्याचे सहाशे रुपये जादा! का, तर म्हणे अंगणात कोबा आहे, पाणी मुरत नाही. मी हरकत घेतली.

आज दुपारी पाहणीला पालिकेचे साहेब आले. म्हटलं, "कोबा न्हाय ओ, शेणानं सारवलंय." तांब्याभर पाणी ओतलं. विठ्ठलाच्या कृपेनं त्यांच्यादेखत मुरलं.

साहेब हसले. "काकू, इतकं गुळगुळीत! आता कोबाच करून टाका की."

"नातू पडला तर लागंल ओ."

"कुठं हाय नातू?"

मी रिकामा तांब्या उचलला. जादा आकार बिलातून काढून टाकतो म्हणाले, गेले.

मैत्रिणींनो, नातू बंगळूरला असतो. चालायला लागल्यापासून इकडं आलाच नाही. सुहास बाळा, आईचं हे वाचलंस तर त्याला कधी आणतोस, ते उलट टपाली कळव.