डबाबंद माती

यादी लागणार, यादी लागणार म्हणता म्हणता आमच्या घरातलं सरळ बोलणं बंद झालं होतं. हैदराबाद राज्याचे तुकडे होणार हे ठरलं होतं. कुठला कारकून कुठल्या तुकड्यात जाणार, एवढंच बाकी होतं. हे आबिड्सच्या एका दफ्तरात कारकून. मराठी माणूस, तेव्हा मुंबई राज्याकडेच पाठवणार, असं जो तो सांगे. घर सोडण्याचं मला काही नव्हतं, भाड्याचंच होतं ते. मला धास्ती होती मातीची.

अंबरपेठेतल्या त्या घरी आलो तेव्हा अंगणात नुसता मुरूम आणि चुन्याचा राडारोडा होता. पहार मारली की ठिणगी उडायची. सहा वर्षं मी त्यात जीव ओतला. शेगडीतला कोळसा विझवायचा, बारीक फोडायचा आणि शेण कालवलेल्या पाण्यात महिनाभर भिजत ठेवायचा. कोरा कोळसा घातला तर तो मातीचाच कस पिऊन बसतो, म्हणून आधी त्यालाच पोटभर पाजायचं, हे मला माहेरी आईने शिकवलेलं. मग भाजीच्या देठांचं आणि शेणाचं कुजलेलं खत, आणि ऊन लागू नये म्हणून वर वीतभर पालापाचोळा. तो बाजूला सारला की खाली काळी, ओलसर माती आणि गांडुळांची धांदल. अंबाडी तर अशी माजायची, की शेजारीपाजारी देऊनही संपायची नाही.

ती माती मी मागे ठेवणार नव्हते. रॉकेलचे अकरा रिकामे डबे जमवले, घासले, आणि मुरूम लागेपर्यंत वाफे खरवडून माती ठासून भरली. वाटेत कण सांडू नये, वारा लागून सुकू नये, म्हणून झाकणांना चक्क कथलाचा डाख लावून घेतला. यांनी ते पाहिलं.

"अगं, माती आहे ती, लोणचं नव्हे."

"तुम्ही तुमच्या फायली बांधा," मी म्हणाले.

भिंतीपलीकडे घरमालकीण राहायची. सत्तरीची, एकटी, आम्ही तिला खाला म्हणायचो. मी डबे भरत होते तेव्हा ती भिंतीशी आली. "बाई, दो टोकरे मेरेकू देके जाव ना. मेरा करेपाक का झाड सूख जारा."

सहा वर्षं तिच्या विहिरीचं पाणी मी वाफ्यांना घातलं होतं. तरी म्हणाले, "नक्को खाला. मेरेकूच होना सब." सगळी मलाच हवी होती.

"हौ बाई," एवढंच म्हणून ती आत गेली. राग मला तिचा नव्हताच. ती राहणार होती आणि मी जाणार होते, याचा होता. पण निघाला तिच्यावर.

यादी काही लागेना. डबे व्हरांड्यात एका रांगेत उभे. दुपारी उन्हाने पत्रा टक्कन वाजला की मी दचकायची. संध्याकाळी सायकलची घंटा ऐकू आली की आधी यांचं तोंड बघायची. "आज?" "नाही." मग जेवताना आमटीतल्या मिठावरून भांडण. यांचं जेवण अर्ध्यावर आलं होतं, माझी झोप उडाली होती. शेगडीतले कोळसे मी आता उकिरड्यावर फेकत होते. कशाला भिजवायचे, कुणासाठी? असे तीन महिने गेले.

एके दिवशी हे भर दुपारीच घरी आले. मी धावत व्हरांड्यात आले. हे एका डब्यावर बसले आणि म्हणाले, "नाव नाही. आपल्याला इथेच ठेवलंय."

मी हसले, मग रडले, आणि डोळे पुसायच्या आधी छिन्नी घेऊन आले. पहिलं झाकण उचकटलं. आतून गटारासारखा वास आला. माती करडी, चिकट, गोळा झालेली, आणि मेलेली गांडुळं पांढरी पडलेली. दुसरा डबा तसाच. तिसराही. अकरावा मी उगीच उघडला. जित्याजागत्या मातीचा गळा मीच आवळला होता, तोही इतक्या प्रेमाने. एरवी टोमण्याची संधी न सोडणारे हे त्या दिवशी माझ्या हातातली छिन्नी घेऊन जागेवर ठेवून आले, आणि ते मला जास्त लागलं.

भिजवलेला कोळसा घरात मूठभरही नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीशी गेले. खालाला वास आला असणारच. काही न विचारता तिने मला परसात नेलं. तिथे एका फुटक्या रांजणात शेणकाल्यात कोळसा भिजत होता. शेजारी पाचोळ्याने झाकलेला खतमातीचा ढीग. तिच्या त्या सुकत चाललेल्या कढीपत्त्याला नवी पालवी फुटली होती.

"खाला, ये कब से?"

"तुम नक्को बोले, तब से. छे साल दीवार पे से देखी ना मैं."

तिने खुरप्याने ढीग उकरून एक टोपली भरली. मग दुसरी. तिसरीला हात घातला, तेव्हा मी तिचा हात धरला. "बस, खाला."

"बस कैकू?" ती म्हणाली. "तुमकूच होना बोले थे ना."

त्यात टोमणा नव्हता. असता, तर मला टोपली उचलणं सोपं गेलं असतं.