सुऱ्याचा उजवा कान

आधीच सांगतो, मी असल्या गोष्टी मानणारा माणूस नव्हे. आमच्या आजोबांनी छप्पन साली देव सोडले, तेव्हा त्यांच्याबरोबर भुतंही गेली. घरात कुणी दृष्ट काढायची भाषा केली तरी आई लाटणं उगारायची. तरी हे लिहितोय... इतकी वर्षं डोकं खाजवून दमलोय म्हणून.

१९९९चा हिवाळा. मी आणि सुरेश - आमचा सुऱ्या - शिरोली एमआयडीसीत एकाच कारखान्यात फिटर. रविवार आला की दोर घेऊन कडे चढायला बाहेर. त्या रविवारी जोतिबाच्या डोंगराच्या मागच्या अंगाला, कोडोलीच्या बाजूच्या एका घळीत गेलतो. नव्वदेक फुटांचा सरळ कडा. सुऱ्याचं लग्न आठ दिवसांवर, नवरी कोडोलीचीच. "नंतर बायको सोडंल का मला? एवढा एक करूया," असं तोच म्हणाला.

घळीची वाट एका म्हाताऱ्याच्या शेतातनं जायची. त्याच्या घरातली माणसं पूर्वी याच कड्यावर दोरानं लटकून मध काढायची. दोर बघून त्यानं बांधावरनंच विचारलं, "कुठं चाललाय पावणं? दोर कोण धरणार?"

"ह्यो धरंल की," सुऱ्यानं माझ्याकडं बोट केलं.

"ह्यो तुझा मेव्हणा हाय?"

"न्हाय, दोस्त."

"मग न्हाय जमायचं. दोर बायकोच्या भावानंच धरायचा. बहिणीचं कुंकू असतंय त्याच्या हातात, त्यो सोडत न्हाय."

सुऱ्या हसला. "लगीन पुढच्या रविवारी हाय, आजोबा. अन् तिला एकच भाऊ हुता, त्यो दोन वर्सामागं वारणेत बुडाला."

"मग जाऊ नगासा," म्हातारा म्हणाला. आम्ही गेलोच.

वर आधी मी पोचलो. कमरेचा पट्टा मागच्या खडकाला अडकवला, दोर कमरेभोवती घेतला आणि सुऱ्याला हाक दिली. तो चढेल तसा मी दोर ओढत होतो, ओढलेला माझ्या मागं मोकळा पडत होता. पण बसल्या जागेवरनं सुऱ्या दिसेना, वाऱ्यानं आवाजही येईना. पुढं सरकावं तर पट्टा आखूड... मी तो सोडला. मशीनचं गार्ड काढून दोन मिनिटांत काम उरकायची आमची एमआयडीसीतली सवय, बोटं तुटलेली माणसं बघूनही जात नाही. तीच नडली.

वाकून बघितलं तर सुऱ्या साठेक फूट चढून आलेला. त्यानं हात घातला तो दगडच निखळला.

"धर!!" एवढंच ओरडला.

हिसका बसला आणि मी फरफटत कडेकडं. तळहाताची सालटी निघाली, टाचा मुरमात रुतेनात. डावा पाय कड्याबाहेर गेला. मला स्वच्छ कळलं - पट्टा सोडून सुऱ्याला मीच मारलाय, आणि मीही चाललोय. दोर सोडावा का... होय, खोटं कशाला बोलू, तो विचारही आला.

तेवढ्यात मागनं दोर ताणला गेला. मोकळा पडलेला, कशालाही न बांधलेला दोर! कुणीतरी पाय रोवून बसावं आणि मागं रेलावं, तसा. मी जागच्या जागी थांबलो. पाठीमागं धापा टाकल्याचा आवाज येत होता, अगदी जवळ. मान वळवायची माझी छाती झाली नाही. "धरा... धरा..." म्हणत राहिलो. कुणाला म्हणत होतो, देव जाणे. बघा, मीच देव म्हणालो.

खाली सुऱ्याला पाय टेकायला खाच सापडली, दोर सैल झाला. मग मागं बघितलं. कुणीही नाही. दोर मुरमावर पडलेला, पण त्याचं शेवटचं टोक चिंब ओलं. दव म्हणावं तर अकराचं ऊन तापलेलं.

सुऱ्या कसाबसा वर आला आणि पहिलं काय विचारावं? "माझा कान कुणी पिळला रं?"

उजवा कान लालबुंद झालेला. "दगडाला घासला असंल," मी म्हणालो.

"गप मर्दा! चिमटीत धरून पिळलाय."

लग्नात कानपिळीची वेळ आली. बहिणीला नीट सांभाळ म्हणून नवरीचा भाऊ नवऱ्याचा कान पिळतो ती. चुलतभाऊ पुढं झाला, तसा सुऱ्यानं कानावर हात ठेवला. "नगं. माझी झालीया." मांडवात हशा पिकला. नवरी, संगीता, मात्र हसली नाही.

पंगती उठल्यावर तिनं मला गाठलं. "भावजी, ते कानाचं काय? खरं सांगा." मी सगळं सांगितलं. तिनं एकच विचारलं, "कुठला कान?"

"उजवा."

माझ्यासमोर उभी राहून तिनं हवेतच कान धरायला हात उचलला. माझ्या उजव्या कानाकडं तिचा डावा हात आला. तिथंच तिला रडू फुटलं.

"आमचा दादा डावरा हुता," ती म्हणाली.

दोर ओला कसा, धापा कुणाच्या? मी मानत नाही, आणि खोटं होतं असंही छातीठोक सांगता येत नाही. सुऱ्या अजून चढतो, दोर मीच धरतो. पट्टा मात्र परत कधी सोडला नाही. त्या माणसाला किती वेळा नदीतनं उठवायचं?