कमिशनरसाहेबांचं मूळ गाव

आमच्या बर्मिंगहॅमच्या घरात शिरताना कमिशनरसाहेबांना मान वाकवावी लागायची, एवढा धिप्पाड माणूस. पण 'तुम्ही मूळचे कुठले?' असं विचारलं की त्यांना घाम फुटायचा. आणि आम्ही पडलो मराठी! आडनाव, गाव विचारल्याशिवाय आमच्या घशाखाली चहा उतरत नाही. साताऱ्याहून आलेल्या माझ्या सासूबाईंनी पहिल्याच भेटीत माझ्यामार्फत गाव विचारलं. साहेबांनी कप खाली ठेवला, "राजधानीचा," एवढंच म्हणाले आणि शेजारच्या आपल्या फ्लॅटवर निघून गेले. सासूबाई म्हणाल्या, "अगं बाई, मी काय वाईट विचारलं?"

'कमिशनर' हे आमच्या मुलांनी ठेवलेलं नाव, पण आफ्रिकेतल्या आपल्या देशात ते खरोखरच मोठे पोलीस अधिकारी होते. तिथल्या जुन्या राष्ट्राध्यक्षांनी पोलिसातल्या वरच्या खुर्च्या आपल्या किनाऱ्याकडच्या जमातीला वाटल्या होत्या. साहेबांची आई किनाऱ्याकडची, वडील डोंगराकडचे. साहेबांनी भरतीच्या वेळी आईच्या माहेरचं नाव लावलं आणि वडिलांचं गाव गिळून टाकलं. मी इथे डॉक्टर, रोज माणसांना प्रश्न विचारणारी, तरी हे मला कळायला बरेच दिवस गेले. "डॉक्टर, वडिलांचं नाव लावलं असतं, तर जन्मभर चौकात शिट्टी वाजवत उभा राहिलो असतो," ते म्हणाले. मी म्हटलं, "आमच्याकडेही चौकीत आडनाव ऐकूनच खुर्ची पुढे करतात, साहेब." तेव्हा कुठे ते हसले.

दोन हजार सालानंतर कधीतरी ते राष्ट्राध्यक्ष पडले, डोंगराकडचे सत्तेवर आले आणि जुन्या अधिकाऱ्यांची धरपकड सुरू झाली. साहेब इथे पळून आले, असायलम, म्हणजे राजकीय आश्रय, मागितला. परत गेले असते तर डोंगराकडचे 'बापाचं नाव टाकलेला' म्हणून सोडणार नव्हते आणि वडील डोंगराकडचे हे कळल्यावर किनाऱ्याकडच्यांच्या लेखी ते फितूर ठरणार होते. इकडे आड, तिकडे विहीर!

घालायला दोनच शर्ट, पण इस्त्री अशी कडक की बघत राहावं. रस्त्यावर सायरन वाजला की ते ताठ उभे राहायचे. सवयीनं की भीतीनं, मला कधीच समजलं नाही. त्यांना ठरलेल्या दिवशी इमिग्रेशनच्या ऑफिसात हजेरी द्यावी लागे. तिथून घरी सोडतील की आतच ठेवून घेतील, काही भरवसा नसायचा. मी त्यांना कारने सोडायची आणि त्या दाराकडे बघत बसायची. ते मात्र बाहेर आल्या आल्या म्हणायचे, "चला डॉक्टर, पार्किंगचा दंड होईल तुम्हाला."

पहिला अर्ज नामंजूर झाला. अपिलाच्या आदल्या दिवशी माझ्या नवऱ्यानं त्यांना समजावलं, "अहो, वडिलांचा विषय काढूच नका. मी किनाऱ्याकडचा, म्हणून मला मारतील, एवढंच सांगा. केस सरळ आहे."

साहेब म्हणाले, "एकदा पुरलं मी माझ्या वडिलांना, नोकरीसाठी. दुसऱ्यांदा नाही पुरणार."

कोर्टात त्यांनी वडिलांचं नाव सांगितलं, जमात सांगितली, गाव सांगितलं, कोणी विचारलं नव्हतं तरी गावाच्या नदीचं नावही सांगितलं. आवाज असा खणखणीत, की मागे बसलेली मी दचकले. निकाल आला: आता तिथलं सरकार तुमच्याच लोकांचं आहे, मग भीती कसली? मी कपाळाला हात लावला. अरे, माणूस एकदाचा खरं बोलला, तर त्याच खऱ्यानं त्याचा गळा धरलात!

पुढच्या हजेरीला त्यांना आतच ठेवून घेतलं. मायदेशी धाडताना एअरपोर्टवरून त्यांना एक फोन करू दिला, तो त्यांनी मला केला. मला रडू आवरेना. तोंडून निघालं ते आपलं नेहमीचंच, "पोचलात की फोन करा हं."

"करतो, डॉक्टर. उतरलो की लगेच."

नवरा म्हणतो, नंबर हरवला असेल त्यांच्याकडून. असेलही. विमान मात्र वेळेवर उतरलं होतं. मी वेबसाइटवर पाहिलं.