पुढचं शेत, मागचं शेत

मार्लिस माझी भावजय. लग्न होऊन या आवारात आली त्याला जन्म लोटला, पण मी तिला एका जागी निवांत बसलेली कधी पाहिली नाही. पायाला भिंगरी म्हणतात ना, तसली बाई. चर्चमध्ये प्रवचन चालू असलं तरी हिचा एक पाय हलत असतो. कॉफी उभ्यानं पिते. मी म्हणते, "अगं, बूड टेक की जरा!" तर "टेकते, टेकते" म्हणते आणि तेवढ्यात दाराशी पोहोचलेली असते. शाळेच्या स्वयंपाकघरात उभं आयुष्य काढलं, शरदात साखरेच्या बीटची काढणी लागली की ट्रक हाकला. पण पेरणीयंत्राला हात? छे! तो माझ्या भावाचा, ऑर्डेलचा प्रांत. बीट म्हणजे ऑर्डेल आणि ऑर्डेल म्हणजे बीट, त्यात दुसऱ्याचं बोटही त्याला चालायचं नाही.

काढणी संपली आणि ऑर्डेलला झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. हिवाळाभर दवाखाना करून वाचा परत आली ती चार-दोन शब्दांची. त्यातला एक शब्द ‘साफ’. बशी रिकामी झाली की ‘साफ’. बर्फ खरवडून वाट केली की ‘साफ’. आम्ही हसायचो, पण त्याला तोच शब्द का सापडला हे मला पक्कं ठाऊक होतं. रेड नदीच्या या काठाला ऑर्डेल ब्रेकेच्या ओळी म्हणजे ओळी. एक तण दिसलं तर शपथ.

आणि दिसणार कोणाला, तर सगळ्यांना. आमच्याकडे रविवारी चर्च सुटलं, तळघरातली कॉफी झाली की कोणी सरळ घरी जात नाही. गाड्या गोगलगायीसारख्या रांगवत एकमेकांची शेतं बघत हिंडतात. कोणाची ओळ वाकडी, कोणाच्या शेतात गवत, सगळी उठाठेव काचेआडून. तोंडानं वाईट कोणी बोलायचं नाही, तसली आमची जात नाही. "बरं दिसतंय," एवढंच म्हणतात. पण ते ‘बरं’ कसं म्हटलं, त्यावरून माणसाची आठवडाभराची झोप ठरते.

ऑर्डेल असा खुर्चीत पडलेला, तेव्हा त्यांचा मुलगा कर्टिस फार्गो शहरातून आला आणि म्हणाला, "आई, शेजारचा हार्लन शेत कसायला घ्यायला तयार आहे. तू आता बाबांकडे बघ."

"दिवसभर बाबांकडेच बघितलं तर मला वेड लागेल," मार्लिस म्हणाली. "मला हे एक साल दे."

"तुला बीट जमेल?"

"चाळीस वर्षं खिडकीतून काय चंद्र बघत होते?"

शेवटी ठरलं ते असं. जुलैच्या मध्याला कर्टिस येणार, पीक बघणार. बीट नीट उभं असेल तर शेत आईच्या हातात, नसेल तर हार्लनच्या, आणि मग वाद घालायचा नाही. मेल्यानं जन्मदात्या आईला परीक्षेला बसवलं! मी तसं बोलूनही दाखवलं. मार्लिस मात्र नुसती म्हणाली, "नाही घालणार वाद."

आणि वसंत आला तो असा की वैऱ्याला देऊ नये. आधी पूर. आमची नदी वाहते उत्तरेकडे. इकडचं बर्फ वितळलं तरी खाली तिचं पात्र गोठलेलंच, मग पाणी जाणार कुठे? ते शेतात बसलं. मे अर्धा उलटला तरी चिखलात पाय घातला की मोजा वर यायचा आणि बूट खाली राहायचा. मार्लिस सकाळ-संध्याकाळ शेताच्या कडेला जाऊन मूठभर माती चेपून बघायची आणि फेकून द्यायची.

शेवटी पेरलं. बीटबरोबर सातूही पेरला, इथली तीच रीत. बीटचं रोप उगवतं ते चिमटीएवढं नाजूक, आणि या सपाटीवर वाऱ्याला अडवायला ना टेकडी ना झाड. सातू भराभर वाढून आडोसा धरतो. बीट जरा अंग धरू लागलं की बीटला धक्का न लावता गवत तेवढं मारणारं औषध फवारायचं आणि सातू संपवायचा. लवकर मारला तर आडोसा गेला, उशीर केला तर तोच पाणी पिऊन बसतो. सगळी गंमत त्या मधल्या दिवसांत.

पेरणी झाली आणि पाऊस जो दडी मारून बसला तो बसलाच. पूर नको होता तेव्हा पूर, पाणी हवं तेव्हा थेंब नाही. मातीवर मारलेलं तणनाशक पावसावाचून लागू होत नाही. ते निजून राहिलं, आणि तण मात्र जागं झालं. त्यातही रानमाठ. माठाच्या कुळातलं हे तण पूर्वी एका फवाऱ्यात झोपायचं, आता फवारा पिऊन डोलतं.

चर्चच्या तळघरात हार्लननं सगळ्यांदेखत विचारलं, "मार्लिस, सातू झकास आलाय हो यंदा. मधेमधे बीट पण पेरलंय का?"

लोक फिदीफिदी हसले. मार्लिसही हसली, पण माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "तुझ्या गेल्या सालच्या गवतात ट्रॅक्टर सापडला का रे अजून?" मी म्हटलं. मग हार्लनला केक आठवला.

घरी वेगळीच तऱ्हा. ऑर्डेलची खुर्ची पुढच्या खिडकीशी, आणि खिडकीतून दिसतं ते रस्त्याकडचं, पुढचं शेत. रविवारच्या गाड्या त्याच्यापुढे येऊन मंदावायच्या, तेव्हा हा डाव्या हातानं खुर्चीचा दांडा बडवायचा. "साफ! साफ!"

"सातू अजून मारायला नको, ऑर्डेल. वारा यायचाय," मार्लिस समजवायची.

"साफ!"

डोळ्यांतून पाणी. मग त्यानं जेवणच सोडलं. चमचा तोंडाशी नेला की मान फिरवायचा. मी मार्लिसला बजावलं, "त्याचं ऐकू नकोस. तुझं डोकं ठिकाणावर आहे, त्याचं नाही."

ती सिंक पुसत होती. पुसलेलंच परत पुसत म्हणाली, "अव्हिस, त्याच्या वाट्याला आता ती एक खिडकीच राहिलीय गं."

आणि तिनं पुढच्या शेतातलं वर आलेलं तण खुरपलं आणि सातू मारला. लवकर मारला. मागचं शेत, धान्याच्या कोठारांपलीकडचं, चारीपल्याडचं, ना खिडकीतून दिसत ना रस्त्यावरून. त्याला तिनं हात लावला नाही.

पुढच्या रविवारी गाड्या आल्या. ओळी स्वच्छ, रेघ मारल्यासारख्या. हार्लननं काच खाली करून "बरं दिसतंय" म्हटलं, आणि या वेळी ते खरं ‘बरं’ होतं. ऑर्डेलनं बशीभर हॉटडिश, आमचा तो खिमा-बटाट्याचा भाजलेला प्रकार, खाल्ला.

तो सातू वाळून भुगा होतो न होतो तोच वारा आला.

भरदुपारी गाड्यांना दिवे लावावे लागले. काळी माती जमिनीपासून उठली ती उठलीच. खिडक्यांच्या फटींतून आत येऊन टेबलावर, पावावर, ऑर्डेलच्या पांघरुणावर बसली. हे माझंच शेत घरात येतंय, असं मार्लिस म्हणाली. दारापासून चुलीपर्यंत, चुलीपासून दारापर्यंत, नुसत्या येरझाऱ्या. मी ओरडले, "बस गं बाई, मला गरगरायला लागलं!"

"बसून काय करू? बसलं की रोपं डोळ्यांपुढे येतात."

वारा पडला तेव्हा आम्ही दोघी बाहेर गेलो. रस्त्याकडेची चारी काळ्या मातीनं काठोकाठ भरलेली. पुढच्या शेतात रोपं नव्हतीच. काही होती ती देठाशी कापलेली, उडत्या मातीनं करवत चालवलेली. नव्यानं पेरावं तर साल इतकं पुढे सरलेलं की पोसणार कधी? मला शिवी आली, ती मी दिली. कोणाला ते विचारू नका.

मागच्या शेताकडे ती चालली नाही, धावली. सातू आडवा झाला होता, पण होता. तिनं गुडघे टेकून तो हातानं बाजूला सारला. आत बीट. चार पानं धुळीनं माखलेली. तिनं त्यांच्यावर फुंकर घातली आणि माझ्याकडे बघितलं. मला बाई रडूच फुटलं.

मग तिनं मागचा सातू मारला, आणि फवाऱ्याला न जुमानणाऱ्या रानमाठाशी आम्ही दोघी म्हाताऱ्या हातात खुरपी घेऊन भांडलो. माझी कंबर अजून ते भांडण विसरलेली नाही.

यथावकाश पाऊस आला, नको तेव्हा. मागचं बीट तरारलं, आणि पुढचं उघडं शेतही हिरवंगार झालं! बघता बघता सगळं भरून आलं. ऑर्डेल खिडकीत सरसावून बसला आणि त्याला नवा शब्द फुटला. "बीट!" बोट दाखवून, हसून. "बीट! बीट!"

मार्लिसनं माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. पानभरसुद्धा बीट नव्हतं तिथे. सगळा रानमाठ.

"नको सांगूस त्याला," ती म्हणाली.

"आणि कर्टिसला?"

"त्याला सांगावंच लागेल."

कर्टिस आला तो गाडीतूनच हसत. "आई, जमवलंस की! रस्त्यावरून काय सुरेख दिसतंय!" एक शब्द न बोलता तिला गप्प बसता आलं असतं. ती म्हणाली, "खाली उतर आणि बघ."

त्यानं एक रोप उपटलं, दुसरं उपटलं. चेहरा उतरला. "हे तर सगळं तण आहे."

"हो. मागचं बघ, मग बोल."

"आई, ठरलं होतं आपलं. पुढचं शेत असं गेलं म्हणजे..."

तेवढ्यात घरातून धडाधड आवाज आला. ऑर्डेल काच बडवत होता. त्याला बाहेर यायचं होतं. डॉक्टरकडे जाणं सोडलं तर तो उंबऱ्याबाहेर पडला नव्हता. आम्ही तिघांनी मिळून त्याला पिकअपमध्ये घातला. मार्लिसनं चावी फिरवली, गाडी पुढच्या शेतापाशी आली, तसा त्यानं हात वर केला. थांब.

कर्टिसनं नाइलाजानं एक रोप त्याच्या हातात दिलं. ऑर्डेलनं पान अंगठ्यानं चोळलं. देठ डोळ्यांजवळ नेला. तणाला ओळखायला त्याला वाचा लागत नव्हती. मला वाटलं आता ओरडेल, रडेल. त्यानं ते रोप खिडकीबाहेर टाकलं आणि हात मांडीवर पुसला. मार्लिस समोर बघत होती. तिनं गाडी परत गिअरमध्ये टाकली.

गाडी कोठारांना वळसा घालून चारीपलीकडे गेली. मागच्या शेतात मेलेला सातू पिवळा पडला होता, त्याच्या मधून बीटच्या रुंद पानांच्या ओळी टोकापर्यंत गेल्या होत्या. साफ म्हणाल तर नव्हतं. इथे तिथे रानमाठ मान वर काढून होताच. कर्टिस म्हणालाही, "बाबा, तण इथेही आहे."

ऑर्डेलचा जबडा हलायला लागला. शब्द ओढून काढावा लागत होता.

"पुढचं..." तो म्हणाला. लाळ गळली, मी पुसायला गेले तर मला ढकललं. "पुढचं... माझं."

मग डावा हात उचलून त्यानं त्या ओळींकडे बोट केलं.

"हे... तिचं."

"पुढचा सातू ह्याच्याच हट्टापायी लवकर मारला," मी म्हटलं, तसा कर्टिस गाडीतून उतरला. मग फोन काढून बाजूला गेला. मी कान टवकारले, त्यात मला लाज नाही. "हार्लन," तो म्हणत होता, "आमचं शेत द्यायचं नाहीये. नाही. आई कसणार आहे."

मार्लिस गाडीतून उतरली, दोन ओळींच्या मधे गेली आणि तिथेच मातीत फतकल मारून बसली. चांगली पाय पसरून.

"अगं, बीटवर बसलीस!" मी म्हटलं.

"बसू दे," ती म्हणाली, आणि बसल्या जागेवरून हाताला आलेला एक रानमाठ उपटला.